शब्दावाचूनचे स्तोत्र : गॉस्पेल पियानोवरील श्रोत्यांचे अभिप्राय आणि त्यांची भाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

संगीताविषयीचा अभिप्राय हा भाषेच्या अभ्यासकाला विचारप्रवृत्त करणारा विषय आहे. ज्या वस्तूविषयी बोलावयाचे ती वस्तू शब्दरूप नसते. आणि बोलणाऱ्याला तर शब्दांवाचून दुसरे साधन नसते. त्यामुळे संगीताविषयी बोलताना भाषेला नेहमीच कोठून तरी उसनवारी करावी लागते. आवाजाला आपण ‘गोड’ म्हणतो तेव्हा ती उसनवारी जिभेकडून झालेली असते. ‘जाड’ किंवा ‘बारीक’ म्हणतो तेव्हा स्पर्शाकडून. ‘चढा’ म्हणतो तेव्हा चढउताराच्या वाटेकडून. या उसनवारीचा एक विशेष प्रकार प्रस्तुत लेखात तपासावयाचा आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती समाजाच्या भक्तिगीतांचे केवळ पियानोवर केलेले वादन, आणि ते ऐकणाऱ्यांनी त्याविषयी दिलेले अभिप्राय, हा तो प्रकार होय.

हाच प्रकार निवडण्याचे कारण असे की, येथे मूळ गीत शब्दप्रधान आहे. वादनात शब्द गळून पडतात. परंतु श्रोत्यांपैकी काहींच्या मनात ते उभे असतात, काहींच्या मनात ते कधीच नव्हते. दोघेही एकच ध्वनिमुद्रिका ऐकतात आणि दोघेही तिच्याविषयी मत देतात. मग ती दोन मते एकाच वस्तूविषयीची आहेत असे म्हणता येईल काय? मराठी वाचकाला ही परिस्थिती अगदीच अपरिचित नाही. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या वादकाची पेटी ऐकताना नाट्यपद पाठ असलेला श्रोता ‘पेटी बोलते’ असे म्हणे. वस्तुतः बोलत असे ती श्रोत्याची स्मृती. पेटी तिला केवळ वाचा फोडीत असे.

२. तीन संज्ञांचा विवेक

‘गॉस्पेल पियानो’ या नावाखाली सामान्यतः तीन भिन्न प्रकारची गीते एकत्र येतात. त्यांतील भेद ध्यानात घेतल्यावाचून अभिप्रायांचा अर्थ लागावयाचा नाही.

पहिला प्रकार ‘हिम’ म्हणजे छापील स्तोत्र. ही स्तोत्रे बव्हंशी इंग्लंडातील व अमेरिकेतील गोऱ्या कवींची. दुसरा प्रकार ‘स्पिरिच्युअल’. ही गुलामगिरीच्या काळात कृष्णवर्णीयांनी मुखपरंपरेने निर्माण केलेली गीते. त्यांचा पहिला मोठा संग्रह १८६७ साली छापला गेला आणि १८७१ पासून नॅशव्हिल येथील ‘फिस्क ज्युबिली सिंगर्स’ या विद्यार्थ्यांच्या वृंदाने ती सभागृहांतून गाऊन जगापुढे आणली. तिसरा प्रकार म्हणजे खास अर्थाने ‘गॉस्पेल’. ही नावानिशी ठाऊक असलेल्या रचनाकारांची, विसाव्या शतकातील, शहरी गीते होत.

‘गॉस्पेल’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘गोडस्पेल’ या सामासिक शब्दापासून आला. त्यातील पूर्वपदाचा अर्थ ‘चांगला’ आणि उत्तरपदाचा ‘वार्ता’. पुढे पूर्वपदातील दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला आणि लोकांनी त्याचा संबंध ‘देव’ या अर्थाच्या शब्दाशी जोडला. मराठीतील ‘शुभवर्तमान’ हा शब्द मूळ व्युत्पत्तीशी इंग्रजी शब्दापेक्षाही अधिक प्रामाणिक राहिला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. गीतप्रकाराचे नाव म्हणून हा शब्द रूढ झाला तो फिलिप ब्लिस यांच्या १८७४ च्या आणि ब्लिस व आयरा सँकी यांच्या १८७५ च्या संग्रहांमुळे. हे दोघेही गोरे होते. कृष्णवर्णीय समाजात या नावाला निराळा आशय मिळाला तो मुख्यतः टॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) यांच्या हातून, शिकागो येथे. डॉर्सी आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज वाजवीत. १९२८ साली त्यांचे एक शृंगारिक गीत अतिशय लोकप्रिय झाले होते. १९३२ साली पत्नी व नवजात बालक यांच्या मृत्यूनंतर त्यांनी रचलेले प्रार्थनागीत या परंपरेतील बहुधा सर्वांत प्रसिद्ध गीत ठरले. एकाच हाताच्या बोटांनी दोन्ही प्रकारची गीते वाजविली, ही गोष्ट पुढील विवेचनात पुनःपुन्हा उपयोगी पडणार आहे.

३. पियानो येथे काय करतो

या परंपरेतील पियानोच्या ध्वनिमुद्रणाचा आरंभ सामान्यतः ॲरिझोना ड्रेन्स यांच्यापासून धरतात. टेक्सासमधील या अंध वादिकेने १९२६ साली शिकागो येथे ‘ओके’ या कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले. त्यात गायनाबरोबर केवळ पियानोवर वाजविलेली भक्तिगीतेही होती. तिच्या डाव्या हाताची चाल रॅगटाइमची, म्हणजे नाचघरातील होती. गीत मात्र उपासनेचे होते.

पियानोचे कार्य समजण्यासाठी गायनाची रीत आधी पाहिली पाहिजे. छापील पुस्तके नसलेल्या मंडळ्यांत पुढारी स्तोत्राची एकेक ओळ म्हणून दाखवी आणि मंडळी ती लांबवून गाई. हाक आणि प्रतिसाद ही या गायनाची मूळ घडण होय. पियानो आला तेव्हा प्रतिसादाचा काही भाग त्याने उचलला. गायकाची ओळ संपली की पुढची सुरू होईपर्यंतची मोकळी जागा पियानोवादक भरून काढतो. मॅहेलिया जॅक्सन (१९११–१९७२) यांच्या गायनाला मिल्ड्रेड फॉल्स यांची साथ ऐकली म्हणजे हे भरणे केवळ अलंकरण नसून संभाषण आहे, हे तत्काळ कळते. आता गायकच नाहीसा झाला तर काय होईल? एकट्या पियानोवादकाला हाकही द्यावी लागते आणि ओही द्यावी लागते. उजव्या हाताने म्हटलेल्या ओळीला त्याच हाताने उत्तर द्यावयाचे, आणि ऐकणाऱ्याला मात्र दोन माणसे भासली पाहिजेत, ही गॉस्पेल पियानोची खरी कसोटी आहे.

४. अभिप्रायांची तीन कुळे

या संगीताविषयी जे अभिप्राय वाचावयास व ऐकावयास मिळतात, त्यांतील विशेषणे व्याकरणदृष्ट्या वादनाला लागलेली दिसली, तरी अर्थदृष्ट्या ती तीन वेगवेगळ्या विशेष्यांकडे जातात : स्थळाकडे, वादकाकडे आणि स्वतः श्रोत्याकडे. कार्ल ब्यूलर यांनी १९३४ साली भाषेची निवेदन, आविष्कार आणि आवाहन अशी तीन कार्ये सांगितली. ही विभागणी तिच्याशी पुष्कळशी जुळते.

(अ) स्थळवाचक अभिप्राय. ‘हे वादन चर्चमधले वाटते’ किंवा ‘याने मला चर्चमध्ये नेले’ या प्रकारचे शेरे सर्वांत अधिक आढळतात. इंग्रजीत त्यासाठी ‘चर्ची’ असे विशेषणच रूढ आहे. आपल्या शास्त्राच्या परिभाषेत ही लक्षणा होय : आधार सांगून आधेय सुचविले जाते. या विशेषणाला काही प्रमाणात ध्वनिगत आधारही दाखविता येतो. स्तोत्राच्या शेवटी ‘आमेन’ म्हणताना मध्यमावर उभारलेल्या स्वरसंघातावरून षड्जावरील स्वरसंघातावर उतरण्याची पद्धत आहे; हा उतार कानी पडला की स्तोत्रे ऐकलेल्या श्रोत्याला चर्च आठवते. परंतु तेवढ्यावरून गीताचा उगम सिद्ध होत नाही. हॉरेस सिल्व्हर या जॅझ पियानोवादकाने १९५५ साली ‘द प्रीचर’, म्हणजे ‘प्रवचनकार’, नावाची रचना ध्वनिमुद्रित केली. ‘ब्लू नोट’ कंपनीचे आल्फ्रेड लायन यांना ती जुनाट वाटली व ती घेऊ नये असे त्यांचे मत होते. सिल्व्हर यांनी आग्रह धरला आणि ती कमालीची लोकप्रिय झाली. श्रोत्यांना तीत चर्च ऐकू आले. तिचा स्वरसंघातांचा सांगाडा मात्र मद्यपान करून घरी परतणाऱ्यांच्या एका लौकिक गाण्यावरून घेतलेला होता. तात्पर्य, ‘चर्ची’ हे विशेषण उगम सांगत नाही, संस्कार सांगते.

(आ) वादकवाचक अभिप्राय. ‘मनापासून वाजविले आहे’, ‘यात आत्मा आहे’, ‘वादक अभिषिक्त आहे’ हे शेरे या कुळातील. त्यांपैकी शेवटचा विशेष लक्षणीय होय. इंग्रजीत त्यासाठी ‘अनॉइंटेड’ हा शब्द योजतात. तेल ओतून अभिषेक झालेला हा त्याचा वाच्यार्थ. आणि ‘ख्रिस्त’ या ग्रीक शब्दाचा अर्थही नेमका तोच. म्हणजे वादकाला हे विशेषण देताना श्रोता त्याच्या तयारीविषयी काहीच बोलत नसतो. ईश्वराने त्याची निवड केली असल्याचे तो जाहीर करीत असतो. असे विधान कानाने पडताळता येत नाही. ते ज्या मंडळीत उच्चारले जाते तिच्या संमतीनेच ते खरे ठरते.

म्हणूनच या कुळातील अभिप्रायांवरून सर्वांत कडाक्याचे वाद झाले. डॉर्सी यांच्या गीतांना शिकागोतील प्रतिष्ठित मंडळ्यांनी आरंभी दारे बंद केली. त्यांचा आक्षेप शब्दांवर नव्हता, शब्दांखालच्या पियानोवर होता. याच्या उलट दिशेचा आक्षेप रे चार्ल्स यांच्यावर आला. १९५४ साली त्यांनी एका गॉस्पेल गीताच्या चालीवर प्रेमगीत रचून गायिले, तेव्हा बिग बिल ब्रून्झी या जुन्या ब्लूज गायकाने हा मनुष्य दोन गोष्टींची भेसळ करीत आहे, त्याने चर्चमध्येच गावे, असे मत दिले. एक पक्ष म्हणतो, नाचघर चर्चमध्ये आणू नका. दुसरा म्हणतो, चर्च नाचघरात नेऊ नका. दोन्ही पक्षांना स्वर तेच ऐकू येत होते. वाद होता तो हा स्वर कोणाच्या अधिकारातला, याविषयीचा.

या वादाचे एक समर्पक उत्तर ध्वनिमुद्रितच झालेले आहे. अरीथा फ्रँकलिन यांनी १९७२ च्या जानेवारीत लॉस एंजेलिस येथील एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री जेम्स क्लीव्हलँड व त्यांच्या वृंदासमवेत ‘अमेझिंग ग्रेस’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. दुसऱ्या रात्री त्यांचे वडील, रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन, बोलावयास उभे राहिले. अरीथा चर्चमध्ये परत येईल तेव्हा आनंद होईल, असे एका बाईंनी आपल्याला म्हटल्याचे त्यांनी सांगितले. आणि तिने चर्च कधी सोडलेच नव्हते, असे आपण उत्तर दिल्याचेही सांगितले. सामान्य श्रोत्याचा अभिप्राय व त्याचे खंडन ही दोन्ही अशा रीतीने त्या अल्बमचाच भाग होऊन बसली.

(इ) श्रोतृवाचक अभिप्राय. ‘डोळ्यांत पाणी आले’, ‘आजीची आठवण झाली’, ‘मन शांत झाले’ हे शेरे वादनाविषयी नसून परिणामाविषयी असतात. त्यांना खोटे ठरविता येत नाही, कारण बोलणारा स्वतःविषयीच बोलत असतो. या कुळातील ‘शांत’ या विशेषणाकडे आपण पुढे स्वतंत्रपणे वळू.

५. एक उदाहरण : ‘स्टील अवे’

पियानोवादक हँक जोन्स (१९१८–२०१०) आणि बासवादक चार्ली हेडन (१९३७–२०१४) यांचा ‘स्टील अवे’ हा अल्बम १९९५ साली ‘व्हर्व्ह’ कंपनीने प्रसिद्ध केला. त्यात स्पिरिच्युअल, स्तोत्रे आणि लोकगीते केवळ या दोन वाद्यांवर वाजविली आहेत. जोन्स हे कृष्णवर्णीय, त्यांचे वडील बॅप्टिस्ट चर्चमधील डीकन. हेडन हे गोरे. आयोवा राज्यातून आलेल्या त्यांच्या कुटुंबाचा रेडिओवर भक्तिगीते व ग्रामीण गीते गाणारा वृंद होता आणि त्यात ते अगदी बालवयापासून गात. पंधराव्या वर्षी पोलिओने त्यांचा कंठ दुबळा झाला व गायन सुटले. याच जोडीने २०१० च्या फेब्रुवारीत ‘कम संडे’ हा दुसरा अल्बम ध्वनिमुद्रित केला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जोन्स वारले, आणि तो २०१२ साली बाहेर पडला.

‘स्टील अवे’मध्ये चाली बव्हंशी सरळ वाजविल्या आहेत, जॅझमध्ये अपेक्षित असलेला विस्तार थोडा आहे. त्यामुळे श्रोत्यांच्या अपेक्षेनुसार अभिप्राय दुभंगतात. जॅझच्या कसोटीने ऐकणाऱ्याला ‘येथे काही घडत नाही’ असे वाटणे शक्य आहे. ज्याला स्तोत्र पाठ आहे त्याच्या दृष्टीने प्रत्येक ओळीत पुष्कळ घडत असते. कारण तो ओळ ऐकत नाही, ओळ म्हणतो. अल्बममधील स्तोत्रमालिकेत ‘अमेझिंग ग्रेस’ आहे. जॉन न्यूटन यांचे ते शब्द १७७९ साली छापले गेले. आज सर्वश्रुत असलेली चाल त्यांना १८३५ साली विल्यम वॉकर यांच्या संग्रहात जोडली गेली. मधली छप्पन्न वर्षे ते शब्द या चालीवाचून जगले. स्तोत्राचे वृत्त आठ-सहा-आठ-सहा अक्षरांचे असल्यामुळे त्याच मापाचे दुसरे कोणतेही स्तोत्र या चालीत बसू शकते. म्हणजे चालीत शब्द अंगभूत नाहीत. श्रोत्याच्या समाजाने ते तेथे ठेवलेले आहेत.

याच अल्बममधील ‘वुई शॅल ओव्हरकम’ या गीतावरून ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. चर्चमधील एका जुन्या गीतातून हे रूप सिद्ध झाले. १९४५–४६ साली चार्ल्सटन येथील तंबाखू-कामगारांनी ते संपात गायिले आणि पुढे नागरी हक्कांच्या चळवळीचे ते गीत झाले. आपल्याकडे गिरिजाकुमार माथुर यांचा हिंदी अवतार शाळाशाळांतून गायिला जातो. जोन्स यांच्या पियानोवर ही चाल सुरू झाली की अमेरिकेतील वृद्ध कार्यकर्त्याच्या मनात मोर्चा उभा राहतो, आणि मराठी श्रोत्याच्या मनात शाळेचे पटांगण. स्वर एक, संहिता दोन. दोघांनीही ‘हृदयस्पर्शी’ हेच विशेषण वापरले तरी ते एकच मत नव्हे.

आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त गीतातील स्वर वाच्यार्थावाचूनही रस व्यक्त करू शकतात, हे मान्य केले आहे. ते यथार्थच आहे. परंतु येथे जे घडते ते त्याहून थोडे वेगळे आहे. येथे स्वराला वाच्यार्थ नाही असे नाही. तो होता, आणि वादनात मुद्दाम मौनात ठेवला आहे. श्रोत्याला तो ठाऊक असेल तर मौनही अर्थवान होते.

६. ‘शांत’ या विशेषणाचा प्रश्न

येथवर सर्व अभिप्राय सारख्याच अंतरावरून पाहिले. परंतु त्यांतील एकाविषयी तटस्थ राहणे योग्य होणार नाही. पियानोवरील स्पिरिच्युअल ऐकून ‘मन शांत करणारे, काम करताना पार्श्वभूमीला लावण्याजोगे’ असा जो शेरा सर्रास मारला जातो, त्याचा पूर्वज फार जुना आहे. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आपल्या आत्मवृत्तात लिहिले आहे की, उत्तरेकडे आल्यावर गुलामांचे गाणे हा त्यांच्या समाधानाचा पुरावा मानणारी माणसे आपल्याला भेटली आणि आपण थक्क झालो. गुलाम सर्वांत अधिक गातो तो अत्यंत दुःखात असताना. म्हणजे श्रोत्याचा चुकीचा अभिप्राय ही येथे केवळ रसिकतेतील उणीव नव्हती. एका अमानुष व्यवस्थेच्या बाजूने दिलेली ती साक्ष होती. डग्लस पुढे असेही कबूल करतात की, त्या वर्तुळात असताना आपल्यालाही त्या गीतांचा खोल अर्थ उमगला नव्हता. आतला असणे ही जाणतेपणाची हमी नव्हे, हा धडाही त्यात आहे.

१९०३ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या ग्रंथाच्या प्रत्येक प्रकरणाच्या शिरोभागी या शोकगीतांच्या स्वरलिपीचा एक तुकडा छापला. तेथे शब्द दिले नाहीत. ज्या वाचकाला स्वर वाचता येतात व गीत ठाऊक आहे त्यालाच तो तुकडा बोलेल. इतरांना ती काळ्या ठिपक्यांची ओळ. शेवटच्या प्रकरणापर्यंत पोचल्यावर वाचकाला कळते की, तो प्रत्येक पानावर कोणाच्या तरी दुःखाजवळून न वाचता पुढे गेला आहे. शब्दरहित ध्वनिमुद्रिकेची अवस्था या पानांसारखीच आहे.

महाराष्ट्राच्या वाचकाला हे दुःख परके वाटू नये. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले, तेव्हा फिस्क विद्यार्थ्यांचा वृंद आपल्या गायनाच्या दौऱ्यांवर होता. ज्या मुक्तीचा उल्लेख त्या अर्पणपत्रिकेत आहे, तिच्याच आधीच्या रात्रीची ही गीते आहेत.

तथापि याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. झोरा नील हर्स्टन यांनी १९३४ साली असे प्रतिपादिले की, सभागृहात नीटनेटकी सादर होणारी स्पिरिच्युअल ही खरी स्पिरिच्युअल नव्हेतच. खऱ्या गीताला स्थिर रूप नसते, प्रत्येक वेळी ते नव्याने होते. हा निकष कठोरपणे लावला तर जोन्स यांचे संयत वादन बादच करावे लागेल. परंतु संयम आणि विस्मरण यांत भेद आहे. ज्याच्या घरी ही स्तोत्रे दर रविवारी म्हटली गेली, त्याने उतारवयात ती हळू, जवळजवळ कुजबुजल्यासारखी वाजवावीत, हाही प्रत्येक वेळी नव्याने होण्याचाच एक प्रकार मानता येईल. ‘शांत’ हे विशेषण म्हणून सर्वस्वी टाकाऊ नाही. ती शांतता काहीच न घडल्याची आहे की पुष्कळ काही सोसून झाल्यानंतरची, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर स्वरांत नसून श्रोत्याच्या जाणकारीत आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून अभ्यासकाला संगीतविषयक अभिप्राय वाचताना तीन प्रश्न विचारता येतील. विशेषण ज्याला लागलेले दिसते, त्यालाच ते खरोखर लागते काय? श्रोत्याच्या मनात कोणती संहिता आहे, किंवा कोणतीच नाही? आणि तो जो निर्णय देतो तो देण्याचा अधिकार त्याला कोणत्या समाजाने दिला आहे? या तीन प्रश्नांनी अभिप्राय बरोबर की चूक हे ठरणार नाही. परंतु दोन माणसे एकाच शब्दाने भिन्न गोष्टी सांगत आहेत की भिन्न शब्दांनी एकच, एवढे निश्चित कळेल. अभंगाच्या वाद्यवादनावरील किंवा नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या मराठी ख्रिस्ती भजनांच्या चालींवरील मराठी श्रोत्यांचे अभिप्राय याच रीतीने गोळा करून तपासण्याजोगे आहेत. वाद्याने शब्द गाळले म्हणजे गीताचा अर्थ नाहीसा होत नाही. तो सांभाळण्याची जबाबदारी गायकाकडून श्रोत्याकडे येते, आणि श्रोत्याचा अभिप्राय हा ती त्याने किती पार पाडली याचा हिशेब असतो.